दुसऱ्या पगाराच्या आधारावर सोडलेली नोकरी : एका घराचं प्रकरण

वय ४३. संगणकशास्त्राची पदवी, १८ वर्षांची नोकरी, त्यातली १३ वर्षं हिंजवडीतल्या एकाच कंपनीत. हुद्दा डिलिव्हरी मॅनेजर, हाताखाली साठेक माणसं, ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. नवरा पुण्यातल्या अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापक, नोकरी कायम. मुलगी बारा वर्षांची. सासूबाई साताऱ्यात जुन्या घरात एकट्या, वय ७३. वाकडला दोन बेडरूमचा फ्लॅट, दोघांच्या नावावर, त्यावर कर्ज. २०२३ च्या सुरुवातीला ही बाई माझ्याकडे आली तेव्हा तिचा प्रश्न एवढाच होता : मला नोकरी सोडता येईल का?

लोकांच्या पैशांची मांडणी करून देणं हे माझं काम. हे प्रकरण एका घराचं म्हणून लिहिलं आहे, पण कुणाची ओळख उघडी पडू नये म्हणून तशाच आणखी एक-दोन घरांचे तपशील त्यात मिसळले आहेत आणि रकमा ढोबळ केल्या आहेत. लिहायचं कारण असं, की नोकरी सोडून सुखी झालेल्यांच्या ज्या हकिकती आपल्याकडे फिरतात, त्यांत घरात येणारा दुसरा पगार, आईवडिलांचं बांधलेलं घर, आधीच फिटलेलं कर्ज यांचा शब्दही नसतो. वाचणाऱ्याला वाटतं, यांच्यात धाडस होतं, आपल्यात नाही. हे वाचून मनातून खचलेली माणसं मी रोज पाहते. म्हणून इथे आधार आधी मांडला आहे, धाडस नंतर.

ताण

कामाचा तिला कंटाळा नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण सोडून जाणाऱ्याला काम झेपत नव्हतं असं लोक परस्पर ठरवून टाकतात. तिला काम येत होतं आणि आवडतही होतं. खात होती ती वेळ. ग्राहकाकडे सकाळचे अकरा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. नोव्हेंबरात तिकडे घड्याळं एक तास मागे गेली की तोच कॉल साडेनऊला. म्हणजे हिवाळाभर मुलीचं जेवण आणि झोप दोन्ही कॉलच्या आत. सकाळी नऊला भारतातल्या टीमची बैठक असायचीच. रिलीजच्या आठवड्यात शनिवार-रविवारही जायचे. वर्षाअखेरीला बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठरावीक लोकांना कमी श्रेणी द्यायचीच अशा मूल्यमापनात, कुणाला तरी खालच्या रकान्यात टाकावंच लागायचं. ज्याला टाकलं तो चांगला काम करणारा आहे हे तिला माहीत असायचं, आणि तरी त्याच्यासमोर बसून त्याला त्याच्या उणिवा सांगाव्या लागायच्या. तिच्या बोलण्यात सर्वांत जास्त वेळा हेच आलं. रात्रीच्या कॉलपेक्षा हे तिला जास्त लागलं होतं.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत रक्तदाब १५० वर १०० निघाला, साखरेचा तीन महिन्यांचा आकडा ६.३, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि झोपेबद्दल विचारलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून मांडलेला हिशेब मी तिला दाखवला होता : आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त. तिचे तास साठीच्या पुढे होते. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "हे मला माहीत आहे हो. हप्त्याचं काय ते सांगा."

हप्ता

ती माझ्याकडे आली तीच मुळी बँकेच्या पत्रामुळे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. तिचं कर्ज बदलत्या दराचं. मूळ कर्ज, इंटिरियर आणि गाडीसाठी घेतलेला टॉप-अप (त्याच घरावरचं वाढीव कर्ज) असं मिळून २०२२ च्या सुरुवातीला ४२ लाख बाकी होते, दर पावणेसात टक्के, मुदत १५ वर्षं, हप्ता ३७ हजारांच्या आसपास. दर सव्वानऊवर गेला. बँकेने हप्ता तसाच ठेवला आणि मुदत वाढवली : पंधराची सुमारे बावीस वर्षं झाली. म्हणजे ६५ व्या वर्षापर्यंत.

त्या पत्रावरचं ते एक वर्ष तिच्या डोक्यात बसलं होतं. माझ्या मते याच कागदाने निर्णय घडवला; रक्तदाबाच्या गोळीने नव्हे. आपल्याकडे आयटीतल्या माणसाला नोकरीत धरून ठेवणारी गोष्ट पगार असते असं म्हणतात. मी इतकी वर्षं जे पाहिलं त्यावरून सांगते, धरून ठेवतो तो हप्ता. पगार कमी झालेला चालवून घेणारी माणसं पुष्कळ भेटतात, हप्ता चुकवायला तयार असलेलं एकही नाही.

म्हणून आम्ही प्रश्नाची दिशा बदलली. नोकरी बाजूला ठेवली आणि आधी फ्लॅट विकायचा की नाही यावर बोललो. नवऱ्याला ते पटायला सहा-सात महिने लागले. फ्लॅट म्हणजे पुण्यात आपलं काही आहे याचा पुरावा, असं त्याचं म्हणणं, आणि चाळीतल्या दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाने असं म्हणणं मला अगदी समजतं. त्याला पटवलं ते एका आकड्याने. फ्लॅट २०१३-१४ मध्ये ६२ लाखांना घेतलेला. डिसेंबर २०२३ मध्ये विकला गेला ९५ लाखांना. ऐकायला ३३ लाखांचा नफा. पण त्या वेळच्या आयकर नियमांप्रमाणे महागाई निर्देशांक लावून मूळ किंमत काढली (खरेदीच्या वर्षीचा निर्देशांक २२०, विक्रीच्या वर्षीचा ३४८) तर ती ९८ लाख होत होती. म्हणजे महागाई वजा केल्यावर फ्लॅटने दहा वर्षांत काहीच दिलं नव्हतं, आणि त्यासाठी भरलेलं व्याज वेगळंच. भांडवली नफ्यावर करही बसला नाही, कारण नफाच नव्हता. (हा निर्देशांकाचा नियम जुलै २०२४ नंतर बदलला. आज विकणाऱ्याने हा हिशेब जसाच्या तसा उचलू नये.) बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड बँकेला घेता येत नाही, त्यामुळे ४० लाखांचं कर्ज सरळ मिटलं. दलाली वगैरे जाऊन हातात ५४ लाख उरले.

हिशेब

वाकडला घरखर्च महिन्याला एक लाख चाळीस हजारांच्या घरात होता. हप्ता वगळला तरी एक लाखाच्या वर. त्यातले वीस हजार मी वेगळे काढले आणि कागदावर त्यांना "दमल्याचा खर्च" असं नाव दिलं : आठवड्यातून तीनदा बाहेरून मागवलेलं जेवण, शनिवारी मुलीला वेळ देता आला नाही म्हणून रविवारी मॉल, वर्षातून दोनदा रिसॉर्ट, कॉलमुळे बुडालेले क्लास. हा खर्च नोकरीच करायला लावते आणि तो भागवायला नोकरीच लागते. नोकरी सुटली की तो बराचसा आपोआप गळतो. कुणीही सोडण्याचा हिशेब करताना ही ओळ आधी लिहावी असं मी सांगेन.

साताऱ्यातला अंदाज ५५ हजार. नवरा पुण्यातच राहणार होता, कारण त्याची नोकरी कायम आणि तिथलीच. त्याची सहकाऱ्यासोबत भाड्याची खोली, मेस आणि दर आठवड्याचं येणं-जाणं मिळून आणखी १७ हजार. एकूण ७२. त्याच्या हातात येणारा पगार ९२ हजार. म्हणजे तिचा एक रुपयाही न येता घर चालत होतं, वर वीस हजारांची फट उरत होती.

आता तिची स्वतःची पुंजी. फ्लॅटचे ५४ लाख, त्यातून साताऱ्याच्या घराची दुरुस्ती ९ लाख, उरले ४५. भविष्य निर्वाह निधी ३१ लाख. म्युच्युअल फंड २२ लाख. ग्रॅच्युइटी : शेवटचा मूळ पगार ८० हजार, तेव्हाच्या नियमाने तो भागिले २६, गुणिले १५ दिवस, गुणिले १४ वर्षं, म्हणजे साडेसहा लाखांच्या आत, पूर्ण करमुक्त. शिल्लक रजेचे दोनेक लाख. सगळं मिळून एक कोटी सहा लाखांच्या आसपास.

तिने इंटरनेटवर वाचलं होतं की वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमले की माणूस मोकळा. वर्षाचा खर्च ८ लाख ६४ हजार, त्याचे पंचवीस पट दोन कोटी सोळा लाख. तिच्याकडे निम्मेच होते. शिवाय तो ठोकताळा अमेरिकी बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून आणि तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी काढलेला. तिच्यापुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं आहेत आणि आपली महागाई वेगळी आहे. त्या हिशेबाने उत्तर नाही असंच येत होतं. नवऱ्याचा पगार धरला तर उत्तर हो येत होतं, कारण पुंजीला हातच लावायचा नव्हता. हे मी दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं : तुझी मोकळीक याच्या कायम नोकरीवर उभी आहे, आणि याला अजून पंधरा वर्षं ती करायची आहे. त्याला हे मान्य आहे का, हे त्याने तोंडाने म्हणायला हवं. त्याने ते म्हटलं. नंतरच्या वाईट महिन्यांत हे एक वाक्य दोघांच्याही फार उपयोगी पडलं.

भविष्य निर्वाह निधी तसाच ठेवला. नोकरी सुटल्यावर त्या खात्यावर व्याज येत राहतं, पण ते करपात्र होतं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तिचं उत्पन्नच कमी होणार असल्याने कर नगण्य, आणि सव्वाआठ टक्के दुसरीकडे मिळत नव्हते. निवृत्तिवेतनाचा भाग दहा वर्षांच्या वर नोकरी झाल्याने काढता येत नाही, ५८ व्या वर्षी मिळेल. तो महिन्याला चार हजारांच्या आत असेल. ही रक्कम पाहून ती हसली नाही, गप्प बसली. एकोणीस वर्षांच्या नोकरीमागे.

आरोग्य विम्याला मात्र आम्ही सगळ्यांत आधी हात घातला. कंपनीच्या सामूहिक विम्यात सासूबाईही होत्या. राजीनामा दिला की शेवटच्या दिवशी ते छत्र जातं. म्हणून नोटीस पिरियडच्या ९० दिवसांतच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज केला. त्यामुळे रक्तदाबासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे आधीपासूनच्या आजाराचा खर्च विमा देत नाही तो सुरुवातीचा काळ, नव्याने मोजावा लागला नाही. सासूबाईंचा हप्ता डोळे पांढरे करणारा होता, तरी एक लहान पॉलिसी घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजना उत्पन्नाची अट न ठेवता ७० वर्षांवरच्या सर्वांना लागू झाली, तेव्हा त्यांचं पाच लाखांचं कार्डही काढून घेतलं.

तिला एकदोन एकर जमीन घ्यायची होती, मेढ्याच्या बाजूला. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. तिच्या वडिलांचा सातबारा कोरेगाव तालुक्यात असल्याने ती अडचण आली नसती. तरी मी नको म्हटलं. शेती हा दुसरा व्यवसाय आहे, विश्रांती नव्हे.

घर कुणाचं

या भागावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे. वाकडचा फ्लॅट दोघांच्या नावावर होता. तो विकला, आणि ती राहायला गेली त्या घरावर तिचं काहीच नव्हतं. सासऱ्यांच्या मृत्युपत्राने साताऱ्याचं घर सासूबाईंच्या एकट्या नावावर आलं होतं. दीर बंगळूरला. सासूबाईंनी काही न लिहिता डोळे मिटले असते, तर घर दोन मुलांत वाटलं गेलं असतं आणि सुनेच्या वाट्याला कायद्याने काही आलं नसतं. त्याच घरात तिने स्वतःचे नऊ लाख घातले : वरच्या मजल्याचं छत, नवीन संडास-न्हाणीघर, वायरिंग.

घरात प्रेम आहे, भांडण नाही, मग कागद कशाला, असं नवरा म्हणाला. प्रेम आहे तेव्हाच कागद करावा, भांडण झाल्यावर होत नाही. बक्षीसपत्राचा विचार केला. महाराष्ट्रात राहतं घर मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. त्या सवलतीच्या यादीत मृत मुलाची बायको आहे. हयात मुलाची बायको नाही. हे वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं. शेवटी सासूबाईंनीच मार्ग काढला. दिराला फोन करून सगळं सांगितलं आणि वरचा मजला मुलगा व सून दोघांच्या नावाने असं मृत्युपत्र नोंदवलं. दुरुस्तीचे पैसे तिच्या खात्यातून थेट गेले आणि तसं एका कागदावर सह्यांनिशी लिहून ठेवलं. उरलेल्या ४५ लाखांतले अर्धे तिच्या एकटीच्या नावावर ठेवा, हा माझा आग्रह मी शेवटपर्यंत सोडला नाही. पगार सोडणाऱ्या बाईची पहिली गरज स्वतःच्या नावावरची रक्कम ही असते, आणि आपल्या घरांत ती मागायची लाज तिलाच वाटते.

साताऱ्यात

वर्षाचा व्हेरिएबल पे (पगाराचा कामगिरीवर मिळणारा भाग) खात्यात आला आणि एप्रिल २०२४ च्या शेवटी ती कार्यमुक्त झाली. जूनमध्ये मुलगी साताऱ्याच्या शाळेत आठवीत बसली.

पहिले काही महिने वाईट गेले. रात्री दोनला जाग यायची आणि हात फोनकडे जायचा. सकाळी टेकडीवरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत चढून येणं सुरू केलं, त्याने शरीर सुधारलं, मन तेवढं नाही. हळदीकुंकवाला "सध्या काय करता?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. मुलगी तर सरळ रुसली होती. वर्गातल्या मुली तिला "पुण्याची" म्हणायच्या, तिच्या मैत्रिणींचा ग्रुप फोनवर उरला होता, आणि आईला बरं वाटावं म्हणून माझी शाळा का, हे तिने एकदा जेवताना विचारलं. याचं उत्तर कुणाकडे नव्हतं आणि ते कुणी बनवलंही नाही, हे मला त्या घराचं मोठेपण वाटतं.

पण खरा घोळ वेगळाच झाला. ती घरी आहे म्हणताच सगळ्यांची कामं तिच्याकडे आली. गॅसचं बुकिंग, बँकेत सासूबाईंचा हयातीचा दाखला, नातेवाइकांची आजारपणं, कुणाच्या मुलाचा फॉर्म भरून देणं, दुपारचे पाहुणे. नवरा शुक्रवारी रात्री खंबाटकीच्या गर्दीतून दमून यायचा आणि दोन दिवस विश्रांती घ्यायचा. ते दोन दिवस तिचं काम दुप्पट. सहा महिन्यांनी तिने मला फोन करून सांगितलं की पूर्वी निदान बिलिंगचे तास तरी मोजले जायचे.

उपाय साधा निघाला. राजवाड्याजवळ एक खोली भाड्याने घेतली, महिना साडेतीन हजार. सकाळी दहा ते दुपारी दोन ती तिथे असते आणि त्या वेळात घरचा फोन तातडीशिवाय येत नाही. सातारा एमआयडीसीतल्या दोन लहान कारखानदारांचं साठा आणि बिलांचं सॉफ्टवेअर ती सांभाळते, आठवड्यातून दोन तास एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. महिन्याला २५ ते ३० हजार येतात. पूर्वीच्या पगाराच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढे. खोली घेतल्यावर सासूबाईंनी वरच्या कामाला बाई लावली, तीही स्वतःच्या पैशातून.

पुण्यात नव्याने नोकरीला लागलेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबर २०२४ मध्ये सगळीकडे पसरलं. त्या आठवड्यात जुन्या टीममधल्या काहींनी तिला फोन केले. त्यांतल्या एकाला तिने माझा नंबर दिला. त्याची बायको नोकरी करत नाही, कर्ज ५८ लाख, आईवडील अवलंबून. त्याला मी सोडू नकोस असं सांगितलं. कंपनीतच रात्रीच्या कॉलविना असलेल्या प्रोजेक्टवर जायला, त्यासाठी पगारवाढ सोडायला आणि दर वर्षीचा बोनस कर्जात घालायला सांगितलं. तो आज तेच करतो आहे. हे लिहिण्यासारखं आहे, कारण असाही माणूस सुटतोच, फक्त त्याला वेळ लागतो आणि त्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

परत जाता येईल का, हा प्रश्न तिने सोडताना विचारला होता आणि मी तेव्हाच सांगितलं होतं की ते दार धरून चालू नये. २०२३-२४ या एका वर्षात देशातल्या तीन मोठ्या आयटी कंपन्यांचं मनुष्यबळ मिळून सुमारे ६४ हजारांनी घटलं. चाळिशी ओलांडलेल्या मॅनेजरला दोन वर्षांच्या खंडानंतर त्याच पदावर कुणी घेईल, असं मानणं धोक्याचं आहे.

सध्या

रक्तदाबाची गोळी चालू आहे, मात्रा निम्मी झाली. साखरेचा आकडा ५.८. झोप लागते. मुलगी नववीत आहे, कबड्डी खेळते, आणि "पुण्याची" हे नाव गेलं. नवरा-बायको आठवड्यातले पाच दिवस वेगळे राहतात, हे दोघांनाही आवडत नाही आणि ते तसं सांगतात.

नवीन मुद्दा मुलीचा आहे. अकरावीला तिला पुण्यात बाबांकडे जायचं आहे. तसं झालं तर सहकाऱ्यासोबतची खोली सोडून दोन खोल्यांचं घर भाड्याने घ्यावं लागेल, कोथरूड-कर्वेनगर भागात. क्लासची फी धरून महिन्याचा खर्च पंचवीस-तीस हजारांनी वाढेल आणि वीस हजारांची ती फट पूर्ण संपेल. तिची कमाई तेव्हा हौसेची न राहता गरजेची होईल. म्हणून तिने एमआयडीसीतल्या तिसऱ्या कारखान्याशी बोलणी सुरू केली आहेत, आणि म्युच्युअल फंडातले बारावीपर्यंतच्या फीएवढे पैसे आम्ही गेल्या महिन्यात मुदत ठेवीत हलवले. सासूबाई म्हणतात, मुलगी गेली तर सुनेनेही तिच्याबरोबर जावं, मी राहीन एकटी. सून अजून काही बोललेली नाही.